तिळावरचा लेसर : जळून गेलेल्या पुराव्याचा इतिहास

१/ इ. स. १७८७. लंडनमधील ख्यातनाम शल्यविशारद जॉन हंटर याने एका रुग्णाच्या जबड्याजवळची गाठ कापून काढली. ती गाठ नेमकी कशाची, हे त्याला उमगले नाही. कर्करोगाच्या जातीची, अळंब्यासारखी फोफावलेली वाढ, अशा आशयाची नोंद त्याने केली आणि गाठ बरणीत जपून ठेवली.

२/ ती बरणी रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या हंटेरियन संग्रहालयात राहिली. १९४१ च्या बाँबहल्ल्यात त्या संग्रहाचा फार मोठा भाग नष्ट झाला; ही बरणी मात्र वाचली. १९६८ साली त्या गाठीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली आणि उत्तर मिळाले : मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग. शस्त्रक्रियेनंतर १८१ वर्षांनी निदान!

३/ आजचा धागा आहे तीळ काढणाऱ्या लेसरविषयी. मग आरंभी ही बरणी कशाला? कारण हंटरला काहीही ठाऊक नव्हते, तरी त्याच्या हाती गाठ शिल्लक होती. लेसरने तीळ काढला की बरणीत ठेवण्याजोगे बहुधा काहीच उरत नाही. साठ वर्षांच्या या तंत्राचा सारा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

४/ आधी शब्द नीट लावून घेऊ. मराठीत सपाट काळा ठिपका तो तीळ, उंचवटा असलेला तो मस, खरखरीत वाढ ती चामखीळ आणि जन्मतः असलेला मोठा डाग म्हणजे लासे. यांतली चामखीळ विषाणूमुळे होते. तिचा आपल्या कथेशी संबंध नाही. वैद्यकात ज्याला ‘नीव्हस’ म्हणतात तो सामान्य तीळ किंवा मस म्हणजे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा पुंजका.

५/ या ठिपक्याला माणसाने फार अर्थ चिकटवले. सामुद्रिकात त्याच्या जागेवरून भाग्य सांगितले गेले. अठराव्या शतकातील फ्रान्स-इंग्लंडच्या उच्चभ्रू वर्तुळांत चेहऱ्यावर कृत्रिम तीळ चिकटवण्याची फॅशन होती. १८८० च्या दशकात पॅरिसच्या आल्फाँस बर्तियाँ याने गुन्हेगार ओळखण्याची पद्धत बसवली, तेव्हा मोजमापांबरोबर व्रण, गोंदण आणि तीळ यांचीही नोंद होऊ लागली. आपल्याकडच्या अर्जांतील ‘ओळखीची खूण’ हा रकाना याच मनोवृत्तीचा वारस म्हणावा लागेल.

६/ तीळ काढून टाकण्याची इच्छाही तितकीच जुनी. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या अध्यायात ‘तिलकालक’, ‘मषक’ आणि ‘जतुमणि’ अशी तीन नावे येतात. तिळाएवढा, काळा, न दुखणारा आणि त्वचेशी समतल तो तिलकालक. उडदासारखा काळा व उंचावलेला तो मषक. जन्मतः असलेला, गुळगुळीत तो जतुमणि. आजच्या त्वचारोगाच्या पुस्तकातही सपाट, उंचावलेला आणि जन्मजात ही विभागणी सापडते. निरीक्षण किती नेमके होते पाहा.

७/ उपचार चिकित्सास्थानात आहे. आधी शस्त्राने कापून काढावे, मग क्षाराने किंवा अग्नीने हळूहळू जाळावे. म्हणजे पोलाद आणि आग, ही दोन्ही साधने तेव्हाच हाती होती. पुढच्या सर्व शतकांत वैद्यांनी या दोहोंचीच रूपे बदलली. लेसर हे त्यांतल्या अग्नीचे सर्वांत सुसंस्कृत रूप.

८/ एकोणिसाव्या शतकात मात्र एक तिसरे साधन आले, आणि त्याने पोलाद व आग यांच्यात पंक्तिप्रपंच सुरू केला. ते साधन म्हणजे सूक्ष्मदर्शक.

९/ त्याची पार्श्वभूमी अशी. पुढे स्टेथोस्कोपचा जनक म्हणून प्रसिद्ध झालेला रने लाएनेक याने १८०४ मध्ये पॅरिसमध्ये काळ्या गाठींच्या या आजाराला ‘मेलॅनोज’ असे नाव देऊन तो वेगळा विकार म्हणून मांडला. १८२० मध्ये इंग्लंडमधील स्टोअरब्रिज गावचा डॉक्टर विल्यम नॉरिस याने एका रुग्णाची हकीकत छापली. रोग तिळाच्या जागी उद्भवला होता, रुग्णाच्या वडिलांचा मृत्यू तशाच आजाराने झाला होता आणि कुटुंबातील इतरांच्या अंगावरही पुष्कळ तीळ होते. तीळ, वंश आणि कर्करोग हे तीन धागे एका गावठी डॉक्टराने एकत्र पाहिले. ‘जनुक’ हा शब्दही तेव्हा जन्माला आला नव्हता.

१०/ १८५८ मध्ये रूडोल्फ व्हिर्शोने रोगाचे मूळ पेशीत शोधण्याचा आग्रह धरला. १८९३ मध्ये हॅम्बुर्गच्या पाउल गेर्सन उन्नाने सुचवले की तिळाच्या पेशी त्वचेच्या वरच्या थरातून जणू थेंबाथेंबाने खालच्या थरात उतरतात. त्याच्या मताचे पुढे बरेच खंडन-मंडन झाले. आपल्याला त्यातली एकच बाब लक्षात ठेवायची आहे : तीळ पृष्ठभागावर दिसतो, परंतु त्याला खोली असते.

११/ आणि ही खोली डोळ्यांना दिसत नाही. तीळ वरून साधा आहे की घातक, हे अनुभवी वैद्य बहुतेक वेळा ओळखतो. संशय उरला तर निवाडा काचपट्टीवरच होतो. त्यासाठी तुकडा अखंड हवा. येथून कापणे आणि जाळणे या दोन मार्गांची किंमत सारखी राहिली नाही.

१२/ तरीही जाळण्याचे आकर्षण ओसरले नाही, कारण चेहऱ्यावर टाक्याची रेघ कोणाला आवडते? विजेच्या सुईने मस जाळले गेले. १९०७ मध्ये शिकागोच्या विल्यम प्यूसीने कार्बन डायऑक्साइड वायू गोठवून केलेला ‘बर्फ’ तिळांवर दाबून धरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जाळायचे तेच, फक्त थंडीने. कार्बन डायऑक्साइड हे नाव ध्यानात ठेवा. हाच वायू या कथेत पुन्हा येणार आहे, तापलेल्या रूपात.

१३/ प्रकाशाने त्वचा बरी करण्याची कल्पनाही लेसरच्या आधीची. कोपनहेगनच्या नील्स फिन्सेनने एकवटलेल्या प्रकाशाने त्वचेच्या क्षयावर उपचार केले. १९०३ चे वैद्यकाचे नोबेल त्याला मिळाले. फिन्सेनच्या प्रकाशात मात्र अनेक रंगांची सरमिसळ होती. एकाच रंगाचा, एकाच लयीचा आणि अत्यंत तीव्र प्रकाश पुढे यायचा होता.

१४/ त्याचे बीज आइन्स्टाइनच्या १९१७ मधील एका निबंधात आहे. उत्तेजित अणूजवळून योग्य ऊर्जेचा प्रकाशकण गेला, तर तो अणू अगदी तसाच दुसरा प्रकाशकण सोडतो, असे गणित त्याने मांडले. एकाचे दोन, दोनाचे चार. कागदावरचे हे तत्त्व यंत्रात उतरायला ४३ वर्षे लागली.

१५/ १६ मे १९६०. कॅलिफोर्नियातील मालिबू, ह्यूज रिसर्च लॅबोरेटरीज. थिओडोर मेमनने बोटाच्या पेराएवढी कृत्रिम माणकाची कांडी घेतली, तिच्याभोवती छायाचित्रणातला मळसूत्री फ्लॅशदिवा बसवला आणि तो चमकवला. कांडीतून ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या गडद लाल प्रकाशाचा झोत निघाला. जगातला पहिला लेसर! भौतिकीच्या एका प्रतिष्ठित अमेरिकन नियतकालिकाने त्याचा निबंध नाकारला. अखेर तो ऑगस्टमध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला.

१६/ वृत्तपत्रांनी त्याला ‘मृत्युकिरण’ ठरवले. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ चित्रपटात जेम्स बाँडच्या दिशेने सरकणारा लाल झोत याच भयातून आला. शास्त्रज्ञांची अडचण निराळीच होती. उत्तर सापडले आहे, आता प्रश्न शोधा, अशी मेमनच्या एका सहकाऱ्याची थट्टा त्या काळात प्रसिद्ध होती.

१७/ प्रश्न वैद्यांकडे होता. डिसेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स कॅम्बेलने माणिक लेसरने एका रुग्णाच्या दृष्टिपटलावरील गाठ नष्ट केली. त्याच सुमारास सिनसिनाटीच्या विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन याने हे यंत्र त्वचेकडे वळवले. वैद्यकीय लेसरचा जनक म्हणून आज त्याचेच नाव घेतले जाते.

१८/ गोल्डमनने १९६३ मध्ये ‘जर्नल ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह डर्मेटॉलॉजी’ या नियतकालिकात त्वचेवरील लेसरच्या परिणामांचा प्राथमिक अहवाल छापला. त्याच्या गटाच्या कामातून एक गोष्ट ठळक झाली : गोऱ्या त्वचेवर ज्या झोताचा फारसा परिणाम होत नाही, तोच झोत काळसर जागेवर खोल इजा करतो. माणिक लेसरचा लाल प्रकाश मेलॅनिन हे रंगद्रव्य शोषून घेते, रंगहीन ऊती त्याला बऱ्याच अंशी वाट देतात. शस्त्र स्वतःच लक्ष्य निवडते आहे, असे वैद्यकाने प्रथमच पाहिले.

१९/ गोल्डमनचा मोठेपणा केवळ धाडसात नव्हता. ज्याने हे शस्त्र त्वचेवर आणले, त्यानेच आयुष्यभर बजावले की गरज नसेल तर लेसर वापरू नका. आजच्या जाहिराती वाचताना ही गोष्ट मला वारंवार आठवते.

२०/ आता कथेला एक अनपेक्षित वळण, आणि ते बारामतीहून येते. चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म २ जुलै १९३८ रोजी बारामतीत झाला. १९५८ मध्ये पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले, १९६१ मध्ये पीएच.डी. मिळवून बेल लॅबोरेटरीजमध्ये रुजू झाले. आणि १९६४ च्या सुमारास, वयाच्या पंचविशीत, त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर सिद्ध केला.

२१/ माणिक लेसर चमकून विझायचा; पटेलांचा लेसर अखंड जळत राहू शकत होता. त्यांनी त्या वायूत नायट्रोजन मिसळला. नायट्रोजनचे रेणू विजेची ऊर्जा साठवतात आणि धडकेतून ती कार्बन डायऑक्साइडला देतात. त्यामुळे शक्ती एकदम वाढली. पुढे या लेसरने कारखान्यांत पोलादाचे पत्रे कापले. १९९६ मध्ये पटेलांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. प्यूसीने ५७ वर्षांपूर्वी जो वायू गोठवून तिळावर दाबला, तोच वायू आता प्रकाश ओकत होता.

२२/ या लेसरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे दूर अवरक्त. डोळ्यांना तो दिसतच नाही. म्हणून शल्यवैद्याला जागा कळावी यासाठी सोबत एक क्षीण लाल ठिपका पाडतात. आणि मुख्य फरक : हा झोत रंग पाहत नाही, पाणी पाहतो. पेशीत पाणी भरपूर. झोत पडताच ते क्षणात उकळते आणि पेशीची वाफ होते. माणिक लेसर तिळाचा काळेपणा हेरतो. पटेलांचा लेसर काळे-गोरे न पाहता समोरचा थर सोलून काढतो. उंचावलेला मस त्वचेच्या पातळीवर आणण्यास असे साधन सोयीचे. बारामतीच्या माणसाने शोधलेला हा प्रकाश आज तीळ काढण्याच्या दवाखान्यांतील नित्याचे साधन आहे, हे त्या खुर्चीवर बसणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल?

२३/ आरंभीच्या यंत्रांत उष्णता आजूबाजूला पसरे आणि व्रण राही. ती कोंडी फोडणारी कल्पना १९८३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आली. बोस्टनचे रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी मांडलेल्या या तत्त्वाला आपण ‘निवडक प्रकाश-उष्मीय विघटन’ म्हणू. नाव बोजड आहे, आशय स्वयंपाकघरातला. फोडणीतली मोहरी बाहेर काढली की क्षणात निवते. पातेले मात्र बराच वेळ गरम राहते. वस्तू जितकी लहान, तितकी ती लवकर थंड होते.

२४/ रंगद्रव्याचा कण एक मायक्रोमीटरच्या आसपास. तो सेकंदाच्या दशलक्षांश भागातच निवू लागतो. म्हणजे त्याला फोडायचे आणि शेजाऱ्याला धग लागू द्यायची नाही, तर सारी ऊर्जा त्याहून कमी वेळात, काही नॅनोसेकंदांत ओतली पाहिजे. गोल्डमनच्या पहिल्या माणिक लेसरचा स्पंद याहून हजारो पटींनी लांब होता. यंत्रे बदलली : माणिक ६९४, अलेक्झांड्राइट ७५५, एनडी-याग १०६४ नॅनोमीटर, सर्वांचे स्पंद नॅनोसेकंदांचे. कार्बन डायऑक्साइड लेसरही १९९० च्या दशकात एक मिलिसेकंदाहून लहान स्पंदांत चालू लागला आणि व्रण कमी झाले.

२५/ या तत्त्वाचा लखलखीत विजय पाहायचा तर ओटाचा नीव्हस पाहावा. डोळ्याभोवती व गालावर पसरणारा हा निळसर-करडा डाग आशियाई लोकांत अधिक आढळतो. जपानी वैद्य मासाओ ओटा याने १९३९ मध्ये त्याचे वर्णन केले. (हा ओटा किनोशिता मोकुतारो या टोपणनावाने जपानी साहित्यात कवी व नाटककार म्हणून प्रसिद्ध आहे!) सुरीने तो डाग काढणे म्हणजे अर्धा चेहरा सोलणे. नॅनोसेकंद लेसरने काही बैठकांत तो फिकट होत जातो, कारण खोलवर विखुरलेल्या त्या पेशी रंगाने भरलेल्या असतात आणि झोताला त्या सापडतात.

२६/ मग साध्या तिळातच अडले कुठे? तिळातल्या पेशी जसजशा खोल उतरतात, तसतशा त्यांतील पुष्कळ रंग गमावतात. वरच्या काळ्या पेशी लेसरला दिसतात. खालच्या फिकट पेशी दिसत नाहीत. वरचा मजला जळतो, तळघर शाबूत राहते. आरसा सांगतो की तीळ गेला. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी त्याच जागी वेडावाकडा रंग पुन्हा उमटू शकतो.

२७/ आणि येथे काचपट्टीचा प्रश्न परत येतो. १९७५ मध्ये कॉर्नबर्ग आणि बर्नार्ड ॲकरमन यांनी अर्धवट काढलेल्या तिळांचा अभ्यास छापला. व्रणातून पुन्हा उगवलेला साधा तीळ सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब मेलॅनोमासारखा भासू शकतो. त्यांनी त्याला ‘स्यूडोमेलॅनोमा’ म्हटले, आभासी मेलॅनोमा. असा संशय फिटावा कसा? मूळ तिळाची काचपट्टी काढून पाहायची. तीळ सुरीने काढला असेल तर ती प्रयोगशाळेच्या कपाटात असते. वाफ करून काढला असेल तर ती धूर ओढणाऱ्या नळीतून केव्हाच निघून गेलेली असते.

२८/ उलट चूक अधिक गंभीर. १९७० मध्ये वॉशिंग्टनच्या अलेक्झांडर ब्रेस्लो याने दाखवले की मेलॅनोमाच्या रुग्णाचे भवितव्य गाठीच्या रुंदीपेक्षा जाडीवर अवलंबून असते, आणि ती जाडी मिलिमीटरच्या अंशांत मोजायची असते. एक मिलिमीटरच्या आत निदान झाले तर बहुसंख्य रुग्ण बरे होतात. किती खोल कापायचे, लसिकाग्रंथी तपासायच्या का, हे त्या आकड्यावर ठरते. ज्या गाठीचा वरचा भाग लेसरने उडवला, तिची जाडी कोण मोजणार?

२९/ अशा घटना घडल्या आहेत. लेसरने घालवलेल्या काळ्या डागाच्या जागी पुढे मेलॅनोमा आढळल्याचे वृत्तांत वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणून लेसरने कर्करोग होतो, असा निष्कर्ष काढणे चूक. तसे सिद्ध झालेले नाही. यांतल्या पुष्कळ प्रकरणांत रोग आधीच होता आणि न तपासता तो जाळला गेला, अशी शंका मात्र रास्त ठरते.

३०/ भीतीला प्रमाण हवे, तेव्हा दुसरी बाजूही. २००३ मध्ये कळले की बहुसंख्य सामान्य तिळांत ‘बीराफ’ नावाच्या जनुकात तोच बदल असतो, जो अनेक मेलॅनोमांत आढळतो. ऐकून धक्का बसेल. परंतु २००५ मधील संशोधनाने दाखवले की त्या बदलामुळे पेशी थोडी वाढते आणि मग स्वतःच कायमची थांबते. साधा तीळ म्हणजे वाढ सुरू होऊन थांबलेली. सुमारे ७० टक्के मेलॅनोमा तिळातून येतच नाहीत, कोऱ्या त्वचेवर उगवतात. म्हणजे अंगावरचे सगळे तीळ खबरदारी म्हणून काढून टाकण्यालाही शास्त्राचा आधार नाही.

३१/ या इतिहासातील फार मोठा भाग गोऱ्या त्वचेवर लिहिला गेला आहे. १९७५ मध्ये हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिकने उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून त्वचेचे प्रकार पाडले, तेव्हा आरंभी गोऱ्या त्वचेचेच चार प्रकार होते. सावळी आणि काळी त्वचा पाचवा व सहावा प्रकार म्हणून मागाहून आली. रंग शोधणाऱ्या झोतापुढे सावळा माणूस उभा राहिला की तिळाआधी त्याची त्वचाच प्रकाश शोषू लागते. परिणामी जागा काळवंडते किंवा पांढरट पडते. कुणाला व्रणाचा जाड कंगोरा उठतो. गोऱ्या रुग्णासाठी ठरलेली मात्रा आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही.

३२/ भारतात मेलॅनोमा विरळ आहे. ऑस्ट्रेलियाशी तुलनाच नको. पण सावळ्या वंशांत तो जेव्हा होतो, तेव्हा बऱ्याचदा तळपाय, तळहात आणि नखांखाली होतो, जिथे ऊन पोहोचत नाही आणि लक्षही जात नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ मध्ये मेलॅनोमा सापडला; ११ मे १९८१ रोजी वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. तळपायावरचा नवा काळा ठिपका ‘लेसरने घालवून टाकू’ असे कुणी म्हणाले तर क्षणभर हे वर्ष आठवावे.

३३/ मग आज नियम काय? १९८५ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञांनी इंग्रजी अद्याक्षरांचे सूत्र दिले : असमान अर्धे, वेड्यावाकड्या कडा, एकाहून अधिक रंग, ६ मिलिमीटरहून मोठा व्यास. २००४ मध्ये त्यात पाचवे अक्षर आले, ‘बदल’. माझ्या मते हे शेवटचे सर्वांत कामाचे. यांपैकी काही दिसले तर लेसर नाही. सुरी, काचपट्टी आणि अहवाल. काहीच दिसले नाही, डर्मोस्कोपच्या भिंगातूनही तीळ निरुपद्रवी ठरला आणि केवळ रूपासाठी काढायचा असेल, तरच लेसरचा विचार. पण तो निर्णय प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञाचा असतो. यंत्र विकत घेतलेल्या कुणाचाही नाही.

३४/ धागा संपवण्यापूर्वी एक शेवटचा निबंध. १९९५ साली, त्याच ‘जर्नल ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह डर्मेटॉलॉजी’मध्ये जिथे गोल्डमनने ३२ वर्षांपूर्वी आपला अहवाल छापला होता, जिवंत त्वचेच्या पेशी न कापता पाहण्याच्या तंत्राचा निबंध आला. लेखकांत पहिले नाव मिलिंद राजाध्यक्ष, शेवटचे रॉक्स अँडरसन. आडनाव वाचून मराठी वाचक थबकेल हे उघड आहे.

३५/ या तंत्रात लेसर अगदी मंद ठेवतात. तो जाळत नाही. त्वचेत एका ठरावीक खोलीवर एकवटतो आणि तिथून परतणाऱ्या प्रकाशाचे चित्र संगणकावर उमटते. मेलॅनिन प्रकाश जोराने परतवते, म्हणून ज्या रंगद्रव्याला गोल्डमनचा झोत भाजत होता, तेच येथे चित्रात पांढरेशुभ्र चमकते. तिळातील पेशींची मांडणी रुग्ण खुर्चीत बसलेला असतानाच दिसते. संशयास्पद तीळ कापावा की नाही, हे ठरवायला जगातील काही मोठ्या रुग्णालयांत हे यंत्र आज वापरले जाते.

३६/ त्याची नजर मात्र पृष्ठभागापासून मिलिमीटरच्या पाव भागापर्यंतच नीट पोहोचते. त्याखाली काय आहे, हे कळायला अजूनही तुकडा काढून काचपट्टीवरच ठेवावा लागतो.